न्हाणीची कडी

भावना तायडेनं सायकलच्या सीटमागं बांधायची ती लांबट बॅग पंधरा दिवसांत अकरा वेळा भरली होती आणि अकरा वेळा उपसली होती. बाराव्यांदा तिनं दिवाणावर तंबू, स्लीपिंग बॅग, पाण्याच्या बाटल्या, पंक्चरचं सामान असा सगळा पसारा मांडला, तेव्हा तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या दुर्गाबाई म्हणाल्या, "आता त्या बॅगीलेच गरगरून येईन, बाप्पा. बसू दे तिले घडीभर."

दुर्गाबाई म्हणजे भावनाची सासू. वय अडुसष्ट, जीभ तिखट. रोज सकाळी एकटीनं विहारात जायचं आणि वंदना झाली की शेजारच्या माणिकबाईसोबत पायरीवर बसून गल्लीतल्या झाडून साऱ्या सुनांची विचारपूस करायची, हा त्यांचा नेम. तो पाऊस असो की थंडी, चुकत नसे.

भावना बाटल्या हातात घेऊन वजनाचा अंदाज करत होती. सहा लिटर पाणी न्यायचं म्हणजे तंबूपेक्षा पाणीच जड. पण भातकुलीच्या पुढं खारपाणपट्टा लागतो. तिथल्या हापशीचं पाणी तोंडात धरवत नाही, हे अमरावतीत लहान पोरालाही ठाऊक असतं. नळाचं पाणी आता गावोगाव आलंय म्हणतात, पण ते कोणत्या दिवशी येईल हे नळालाच ठाऊक.

बेत तसा साधा होता. शनिवारी सकाळी अमरावतीहून निघायचं, भातकुलीवरून दर्यापूरच्या अलीकडे सावंगीपर्यंत जायचं. तिथल्या आरोग्य उपकेंद्राला चांगली भिंत आहे, फाटक आहे, आणि तिथली नर्स दीक्षा पूर्वी भावनाच्याच हाताखाली शिकलेली. तिच्या परवानगीनं आवारात तंबू ठोकायचा. दीक्षा संध्याकाळी तिच्या घरी जाणार, फाटकाची चावी भावनाकडे. रविवारी उठून अकोला गाठायचं, नणंद मायाताईकडे जेवायचं आणि तिच्या दिराच्या मालाच्या टेम्पोत सायकल टाकून घरी परतायचं. नव्वद-शंभर किलोमीटर, दोन दिवस, मधे एक रात्र.

त्या एका रात्रीवरूनच सगळा गोंधळ होता.

सायकल मुलाची, पिंटूची. तो शिकायला नागपूरला गेला आणि गिअरवाली सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. भावनानं सीट दोन बोटं खाली घेतली आणि दवाखान्यात ड्युटीला ती न्यायला लागली. मग छत्री तलाव. मग एका रविवारी चांदूर रेल्वेला जाऊन-येऊन. त्रेचाळिसाव्या वर्षी तिच्या पायांना भिंगरी लागली होती आणि तिला स्वतःलाही ते थोडं नवल वाटत होतं. फोनवर तिनं पाहिलं, लोक सायकलीला घर बांधून निघतात, जिथं सांज होईल तिथं झोपतात. त्याला बाइकपॅकिंग म्हणतात. हे पाहिल्यापासून तिचं एका जागी मन लागेना. स्वयंपाक करताना ती रस्ते आठवायची, सलाइन लावताना ओठांतल्या ओठांत सामान मोजायची.

आता या घरात कोणी एक रात्र बाहेर राहायचं म्हटलं तर एवढं काय बिघडतं, असं कोणालाही वाटेल. पण त्यासाठी न्हाणीघराच्या दाराकडे बघायला हवं. त्या दाराला आतून कडी नव्हती.

दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, दोन पाळ्या एकापाठोपाठ एक करून, पोटात धड अन्न-पाणी नसताना भावना घरी आली आणि अंघोळीला गेली. आत गेली ती पडलीच. ललितनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, हाका मारल्या, दार बडवलं, शेवटी खांद्यानं धडका देऊन दार उघडलं. ती फरशीवर निपचित. नंतर सगळ्या तपासण्या झाल्या. डोक्याची, हृदयाची, रक्ताची. काही निघालं नाही. अंगातलं पाणी कमी पडलं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. पण ललितनं त्याच संध्याकाळी पेचकस घेतला आणि कडी काढून टाकली.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. ललितनं मात्र पाणीसुद्धा फुंकून प्यायला सुरुवात केली. तो वीज कंपनीत होता. तिथं खांबावर माणूस चढवायच्या आधी परमिट लागतं. आधी प्रवाह बंद, त्याची लेखी खात्री, मगच तारेला हात. बावीस वर्षं हेच केलेला माणूस घरही तसंच चालवायला लागला. भावना गच्चीवर गेली की हा जिन्यात उभा. भावना बाजारात गेली की दर वीस मिनिटांनी फोन. ड्युटीला सायकलनं जायची तेव्हा दवाखान्याच्या फाटकातून फोटो पाठवावा लागे, आणि चांदूर रेल्वेच्या दिवशी तर हा वाटेत दोन ठिकाणी मोटरसायकल घेऊन आधीच हजर होता. दीड वर्षात भावना एक तास, नुसता एक तास, कोणाच्या नजरेआड राहिली नव्हती.

न्हाणीत जायचं तर तिघांनीही आपापले उपाय शोधले होते. ललित खाकरत राही. भावना नळ सोडून ठेवी. दुर्गाबाई दाराला भरलेली बादली लावत आणि अंघोळ संपेपर्यंत मोठमोठ्यानं बोलत राहत. भाजीवाला, ऊन, सरकार, सून, जे सुचेल ते. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू असला की समजायचं, न्हाणी रिकामी नाही.

तीन वेळा बेत ठरला आणि तीन वेळा मोडला. पहिल्यांदा ललित म्हणाला, "कापसाच्या गाड्या धावून राहिल्या त्या रस्त्यानं. हंगाम संपू दे." दुसऱ्यांदा पाहुणे आले. तिसऱ्यांदा थंडीचा कडाका. भावना चिडली, दोन दिवस बोलली नाही, आणि मग पुन्हा बॅग भरायला बसली.

चौथ्यांदा ललितनं मायाताईला फोन केला आणि पंचाईत झाली. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसऱ्याला. भातकुलीच्या किसनमामांपासून दर्यापूरच्या चुलत जावेपर्यंत सगळा रस्ता जागा झाला. वऱ्हाडात गावात आपल्या माणसाचं घर असताना बाहेर झोपायचं म्हणजे त्या घराच्या तोंडाला काळं फासण्यासारखं. किसनमामांनी स्वतः फोन केला. आवाजात राग मावत नव्हता.

"पोरी, आमी मेलो का? तंबूत काहून झोपतं तू? इथं चार खाटा रिकाम्या हायेत!"

"मामा, मी चहाले येतो नं तुमच्याकडे. जेवाले येतो. झोपाले नाई."

"जेवून उठाचं अन् रस्त्यावर झोपाचं? लोक काय म्हनतीन?"

भावनानं सगळ्यांकडे चहा कबूल केला. पाच घरी चहा, दोन घरी जेवण. रात्र मात्र तिनं कोणालाही दिली नाही. तीच तर तिची होती.

शुक्रवारी संध्याकाळी ललित कामावरून आला. चहा प्यायला, बशी ठेवली आणि म्हणाला, "ठीक हाय. जाय तू."

भावनाला क्षणभर खरंच वाटेना.

"मी येतो मागून चारचाकी घेऊन," तो पुढं म्हणाला. "तुले दिसनार बी नाई. पाच किलोमीटर मागं राहीन. रात्री फाटकाच्या बाहेर गाडीतच झोपतो. तू तुयी आतमंदी झोप, मी बाहेर. मंग तं झालं?"

तो हसत होता. अगदी मनापासून, काहीतरी मोठं देऊन टाकल्यासारखा. आणि भावनाला रडू यायला लागलं, कारण याच्यावर भांडता येईना. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं हो. हा माणूस थंडीत गाडीत पाय मुडपून झोपायला तयार होता.

"नोका येऊ," ती एवढंच म्हणाली.

ललितचं हसू गेलं. "तू त्या दाराच्या आत होती भावना, मी बाहेर होतो. आतमंदी काय होऊन राहिलं मले दिसत नव्हतं. तुले नाई समजत ते." आणि तो उठून गाडीत हवा आहे का ते बघायला गेला.

भावनानं बॅग उपसली. तेराव्यांदा. स्लीपिंग बॅगची गुंडाळी सोडली, पुन्हा केली. हात थांबत नव्हते. दुर्गाबाई शेंगांचं टोपलं बाजूला सारून तिच्याकडे पाहत होत्या.

"एक सांग मले," त्या म्हणाल्या. "एकटीलेच काहून झोपाचं हाय तुले? नवऱ्याशी भांडन नाई, सासूचा जाच नाई. मंग?"

भावनानं गुंडाळीचा पट्टा आवळला आणि म्हणाली, "मले पाहाचं हाय आई. कोनी नसलं तं मी पडतो का नाई. दीड वर्सं झालं, मले धरून ठेवलं हाय साऱ्यायनं. मी धडधाकट हाव म्हून उभी हाव, का तुमी धरलं म्हून उभी हाव, हे मलेच समजत नाई आता."

 

"तुया सासऱ्याचा पाय मोडला होता त्या सालची गोष्ट," दुर्गाबाई म्हणाल्या. "हरभऱ्याची जागल मी केली. एकटीनं, मचानावर. रानडुकरं येत. पयल्या रात्री म्या पाह्यटवरी डोया मिटला नाई. तिसऱ्या रात्री असं झोपलो, का डुकरायनं अर्धा हरभरा खाल्ला तरी पत्ता नाई." त्या हसल्या. "तुया सासरा लय बोलला. पन ती झोप मले अजून याद हाय." आणि त्यांनी टोपलं पुन्हा पुढ्यात ओढलं.

शनिवारी सकाळी साडेसहाला सायकल ओट्यापाशी उभी होती, बॅगा बांधलेली. मागं गाडीत ललितनं ब्लँकेट, उशी, थर्मास आणि बीपीचं मशीन ठेवलं होतं. भावनानं हेल्मेट घातलं. निघावं की निघू नये, तिला कळेना. गाडी मागं असताना जायचं म्हणजे न्हाणीत जायचं आणि दार लोटून ठेवायचं.

"ललित," ओट्यावरून दुर्गाबाईंचा बारीक आवाज आला. "मले गरगरून राहिलं रे."

त्या खांबाला टेकून खाली बसल्या होत्या. डोळे मिटलेले. ललितच्या हातातली किल्ली पडली. भावना धावली, मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं. बहात्तर. ठोका न् ठोका सरळ. ललितनं मशीन आणलं, तिनं पट्टा गुंडाळला. एकशे चोवीसवर अठ्ठ्याहत्तर. कपाळाला घाम नाही, हात गरम, ओठांचा रंग चांगला. वीस वर्षांत तिनं इतकी चांगली नाडी फार कमी लोकांची पाहिली होती.

तिनं वर पाहिलं. दुर्गाबाईंनी डोळे उघडले नाहीत. फक्त त्यांच्या अंगठ्यानं भावनाचा तळवा दाबला, एकदा, जोरात.

"किती हाय? सांग नं किती हाय?" ललितचा आवाज चिरकला होता.

भावनानं आयुष्यात कधी खोटा आकडा सांगितला नव्हता. रुग्णाला नाही, डॉक्टरला नाही, मरायला टेकलेल्या माणसाच्या नातेवाइकाला नाही.

"कमी हाय थोडं," तिनं मशीन बंद करत म्हटलं. "घाबराचं नाई काई. पन आज आईले एकटं नोका सोडू." आणि सवयीनं पुढचं वाक्य आपोआप तोंडातून निघालं, "मी राहतो घरी."

"तू काहून?" दुर्गाबाई ताडकन म्हणाल्या, मग आठवण होऊन आवाज पुन्हा बारीक केला. "पोरगा हाय नं माहा. तो राहीन. तू जाय, किसनभाऊ चहा मांडून बसला असन."

ललित आईकडे पाहत होता, बायकोकडे पाहत होता. भावनाला त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. तरी ती थांबली नाही. तो थर्मास घेऊन आला आणि त्यानं तो सायकलच्या पुढच्या पिशवीत कोंबला. "फोन चालू ठेवजो," एवढंच म्हणाला.

पहिले दहा किलोमीटर ती मागं वळून पाहत होती. गाडी नव्हती. भातकुलीला मामांनी चहाबरोबर तिची बरीच उणीदुणी काढली आणि वर हिरव्या हरभऱ्याचे डहाळे बांधून दिले. पुढं सपाट काळं रान, वेचणी संपून उलंगवाडी झालेली कपाशी, लांबवर एखादं बाभळीचं झाड. ती चालवत राहिली.

सावंगीला उपकेंद्रात दीक्षानं चावी दिली, मॅडम काही लागलं तर फोन करा म्हणाली, आणि गेली. ऊन कलत होतं. भावना खाली बसून तंबूच्या खुंट्या ठोकत होती. शेवटची ठोकली आणि झटकन उभी राहिली. डोळ्यांसमोर काळं आलं.

तेच. न्हाणीत आलं होतं तेच.

आजूबाजूला कोणी नव्हतं. फाटक आतून बंद होतं, आणि ते तिनंच लावलं होतं. कानांत घणघण सुरू झाली. फोन पिशवीत, पिशवी सायकलला, सायकल दहा पावलांवर. ती तिथंच, मातीत, खाली बसली. डोकं गुडघ्यांत घातलं. एक, दोन, तीन, मोजत राहिली. चाळीसपर्यंत पोहोचली तेव्हा गुडघ्याला चिकटलेली माती दिसायला लागली. मग हाताशी होती ती बाटली उघडली, हळूहळू अर्धी संपवली. पाच घरांच्या चहानं अंगातलं पाणी भरत नाही, हे दुसऱ्या कोणाला तिनं कितीदा सांगितलं असेल. दहा मिनिटांनी ती आवारातल्या दिव्याच्या खांबाला धरून उठली. मग खांब सोडला.

उभी होती.

तिला हसू आलं आणि मग रडूही आलं, दोन्ही मोठ्यानं, कारण ऐकायला कोणी नव्हतं. पडणारं माणूस वेगळं आणि बसणारं माणूस वेगळं. तिला कोणी धरलं नव्हतं. तिनं स्वतःच स्वतःला खाली बसवलं होतं आणि स्वतःच उठवलं होतं. सात वाजता तिनं ललितला फोन केला, आईंची तब्येत विचारली, जेवले का विचारलं. काळं आलं ते सांगितलं नाही. मग ती तंबूत शिरली आणि उजाडेपर्यंत हललीसुद्धा नाही.

रविवारी अकोल्याला मायाताईकडे जेवून, टेम्पोत सायकल टाकून ती संध्याकाळी घरी पोहोचली. दार उघडंच होतं. आत न्हाणीसमोर खुर्ची टाकून ललित बसला होता.

"बोलत राय आई," तो दाराकडे तोंड करून म्हणत होता. "आवाज येऊ दे."

"काय बोलू आता?" आतून दुर्गाबाईंचा आवाज आला. "सारं बोलून झालं सकायपासून."

भावना बॅग हातात घेऊन उभी राहिली. ललितनं वळून पाहिलं. चेहरा ओढलेला, पण तिला पाहून उजळला. मग तो सांगायला लागला. दोन दिवसांत किती वेळा बीपी घेतलं, बरोबर आलं तरी भरवसा नाही. उद्या डॉक्टरकडे नंबर लावला आहे. विहारात एकटं जायचं नाही, वाटलं तर तो स्वतः नेऊन आणेल. गच्ची बंद. आणि न्हाणीत बादली लावायची नाही, दार अडतं.

दुर्गाबाई बाहेर आल्या. दोन दिवसांत त्या चार वर्षांनी म्हाताऱ्या दिसत होत्या. माणिकबाईशी न बोललेलं सगळं त्यांच्या तोंडावर साचलं होतं. त्यांनी ओल्या पदरानं हात पुसले आणि हळूच विचारलं, "झोप लागली का वं?"

"लागली, आई."

"बास मंग," म्हणाल्या आणि भिंतीला धरून निघाल्या. मुलगा पाहत होता म्हणून धरली असेल भिंत, किंवा दोन दिवसांत खरंच सवय लागली असेल. 

तिनं बॅग खाली ठेवली. तिच्या तळाशी सायकलचं हत्यार होतं, छोट्या चाकूसारखं, त्यातच पाने, त्यातच पेचकस. चौदा वेळा भरलं, तेरा वेळा उपसलं, साऱ्या प्रवासात एकदाही लागलं नव्हतं. तिनं त्यातला पेचकस उघडला.

"कडी कुठी हाय?" तिनं विचारलं.

"कोनती कडी?"

"दाराची. तुमी काढली ती." आणि तो बोलायच्या आत ती म्हणाली, "आईचं बीपी बरोबर होतं. एकशे चोवीसवर अठ्ठ्याहत्तर. मी खोटं सांगतलं तुमाले. गरगरबिरगर काई नव्हतं."

ललित आईकडे वळला. दुर्गाबाईंनी भिंतीवरचा हात काढून घेतला आणि सरळ उभ्या राहिल्या. "मीच केलं," त्या म्हणाल्या. "तुले घरी ठेवासाठी. तिले काई बोलू नोको."

"अन् मी काल पडलो असतो," भावना म्हणाली. "काळं आलं होतं. बसलो. पानी पेलो. उठलो. कोनी नव्हतं."

 ललित रागावला असावा, त्याच्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर उठत होती, बसत होती. भावनाला वाटलं, आता दार आपटेल. तो उठला, कपाटावरचा जुना डबा काढला. कडी त्यानं टाकली नव्हती. कागदात गुंडाळून, चारही स्क्रूंसकट ठेवली होती.

धडकांनी दारातली स्क्रूची भोकं मोठी झाली होती. भावनानं स्क्रू फिरवला तर तो नुसताच फिरत राहिला. ललित देव्हाऱ्यातल्या बुद्धमूर्तीपुढची आगपेटी घेऊन आला, एक काडी मोडून भोकात ठोसली आणि म्हणाला, "आता लाव."  चार भोकं, चार काड्या. कडी बसली.

दुर्गाबाईंची अंघोळ आत्ताच झाली होती. आत जायचं काही काम नव्हतं. तरी त्या गेल्या. दार लागलं, कडी सरकली. ललित दारासमोर उभा राहिला, हात मागं बांधून. आतून नळाचा आवाज नव्हता, बादलीचा नव्हता.

दुर्गाबाई आत काहीच बोलत नव्हत्या.